मंदीचे दिवस आणि सरकारचे कर्तव्य

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे "अभ्यासू कार्यकर्ते" असे छापले आहे. छापणाऱ्याची ती माया आहे. मी नववी नापास माणूस. गिरणीत बदलीवर होतो तेव्हा सकाळी गेटवर उभे राहायचे, तिकीट मिळाले तर पाळी करायची, नाही मिळाले तर कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात जाऊन बसायचे. तिथे पंखा फुकट, पेपर फुकट. तिथेच शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड हाती लागले. इंग्रजी होते. शेजारी शब्दकोश ठेवून एकेक पान काढले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा १९२३ चा ग्रंथ मी तीनदा अर्ध्यावर सोडला आणि चौथ्यांदा पुरा केला. तेव्हा माझ्या बोलण्यात काही चुकले तर समोर बसलेल्या गुरुजी मंडळींनी माझा कान धरावा.

मंडळाने विषय दिला आहे, मंदीच्या काळात सरकारचे कर्तव्य काय. विषय मोठा वाटतो, पण आपल्या या विहाराला तो नवा नाही. आत येताना उजव्या हाताची भिंत बघितली असेल. खालचे तीन थर चिरा काळा पडलेला आहे आणि वरचा चिरा अजून लालसर आहे. नव्या मुलांना वाटते, खाली ओल येते म्हणून तसे झाले. तसे नाही. जोते आणि ते तीन थर १९८१ साली बांधले. मुंबईत गिरण्यांत असलेली आपली माणसे दर पगाराला माणशी दहा रुपये काढत असत, त्यातून ते काम उभे राहिले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि आपले दहा रुपये बंद झाले. ते तीन थर सात पावसाळे उघड्यावर भिजत राहिले. आज ज्या छपराखाली आपण बसलो आहोत ते छप्पर सात वर्षे उशिरा का चढले, याचे उत्तर म्हणजेच आजचा विषय.

माझे बाबा साचे खात्यात होते. आमच्या घरी महिन्याला दीडशे रुपयांची मनीऑर्डर यायची. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. आजी पडवीत बसून रस्त्याकडे डोळे लावायची. "पोस्टमन इलो काय रे?" हा तिचा महिन्याच्या दहा तारखेपासूनचा जप. पैसे आले की आई आधी दुकानदाराची वही फेडायची. तो त्या पैशातून मालवणच्या पेठेतून माल भरायचा. टोपलीत बांगडे घेऊन येणारी बाई त्या आठवड्यात आमच्या वाडीत थांबायची, एरवी थांबत नसे. शिंप्याकडे शाळेचा सदरा टाकला जायचा. विहाराची वर्गणी, आंबेडकर जयंतीची वर्गणी, सगळे त्याच दीडशे रुपयांत बसायचे.

मनीऑर्डर थांबली तेव्हा दुकानदाराने चार महिने वही चालवली. त्याच्या नावाने मी आजही हात जोडतो, आमच्या जातीचा नव्हता तरी. पाचव्या महिन्यात त्यालाच पेठेत उधार मिळेना. मासेवाली वाडीत यायची बंद झाली. शिंपी मशीन घेऊन बहिणीकडे गोव्याला गेला. आता विचार करा, संप माझ्या बापाने केला होता. मासेवालीने केला नव्हता, शिंप्याने केला नव्हता. तरी त्यांची चूल विझली. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. मंदीचे सगळे अर्थशास्त्र मला आमच्या पडवीत कळले, पुस्तकात त्याला फक्त नाव सापडले.

कुणी म्हणेल, संप वेगळा आणि मंदी वेगळी. बरोबर आहे. संप आपण होऊन केलेला असतो. पण संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही आणि हजारो लोकांना पुन्हा आत घेतले गेले नाही. त्यानंतर जे आले ते संपाचे नव्हते. कापड यंत्रमागावर स्वस्त पडत होते, जुनी यंत्रे बदलायला मालक पैसा घालत नव्हते, आणि गिरणीखालची जमीन गिरणीतल्या कापडापेक्षा महाग झाली होती. एका धंद्याला लागलेली मंदी अशी असते. ती मुंबईत आली, पण तिचे घाव सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या वाड्यांवर बसले, कारण आपली शेती म्हणजे परळ-लालबाग होती.

मग सरकारने काय केले? काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. १९८३ साली केंद्राने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. त्यामुळे काही हजार घरांत पगार चालू राहिला, हे मान्य केले पाहिजे. पण १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या. ठराविक वाटा मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी सोडायचा होता. २००१ मध्ये तो नियमही सैल झाला. कामगारांसाठी घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, ६,९२५ घरांची. अर्ज किती होते? घरांच्या कित्येक पटीने जास्त. संपाला तेव्हा तीस वर्षे झाली होती. अर्ज भरणाऱ्यांत कित्येक वारस होते, कामगार गेलेले होते.

आता मूळ मुद्दा. घरात कमाई कमी झाली की आपण काय करतो? हात आखडतो. चहात दूध कमी घालतो, लग्न पुढे ढकलतो. हे शहाणपणच आहे. पण सगळी घरे एकदम हात आखडायला लागली तर दुकानदाराचे काय होते ते मी सांगितले. अशा वेळी सरकारनेही घरासारखे वागायचे ठरवले, म्हणजे करवसुली कमी झाली म्हणून रस्त्याची कामे थांबवली, भरती बंद केली, तर बुडत्याच्या गळ्यात आणखी एक धोंडा. सगळे आखडत असताना ज्याला हात मोकळा सोडता येतो असे एकच घर देशात आहे, ते सरकार. १९२९ ला अमेरिकेतून मंदी सुरू झाली आणि जगभर पसरली. बऱ्याच देशांच्या सरकारांनी आधी काटकसर करून बघितली आणि बेकारी वाढतच गेली. पुढे अमेरिकेत रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि १९३५ पासून आठ वर्षांत सरकारी कामांवर सुमारे ८५ लाख माणसांना मजुरी मिळाली. रस्ते, शाळा, पूल झाले. कोणी म्हणते मंदी खरी संपली ती महायुद्धामुळे. असेल. पण तोवर त्या ८५ लाख घरांत भाकरी शिजली ना?

हे साहेबाचे शास्त्र आहे असे समजू नका. भंतेजी इथे आहेत, त्यांच्या समोर सांगतो, चुकल्यास दुरुस्त करावे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राजाच्या राज्यात लूटमार माजलेली असते आणि राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. पुरोहित त्याला सांगतो की राज्य असे अडचणीत असताना तू नवा कर बसवशील तर चूक करशील, आणि चोरांना फासावर देऊनही हे थांबणार नाही. मग उपाय काय? जे शेती करतात त्यांना बियाणे आणि चारा दे. जे व्यापार करतात त्यांना भांडवल दे. जे राज्याच्या चाकरीत आहेत त्यांना नीट वेतन दे. माणसे आपापल्या कामाला लागतील, लूटमार थांबेल आणि राज्याचा महसूलही वाढेल. यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुरोहित राजाला दानछत्र उघडायला सांगत नाही. बी, भांडवल आणि वेतन देऊन तो माणसाला कामाला लावायला सांगतो.

बाबासाहेबांकडे आपण घटनाकार म्हणून पाहतो. ते आधी अर्थशास्त्रज्ञ होते हे आपल्याच घरात विसरले जाते. रुपया स्वस्त ठेवला की कारखानदाराचा नफा वाढतो, पण महागाईने पगारदाराची मजुरी न कापता कापली जाते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी लिहिले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी त्यांनी एक प्रश्न उघडपणे मांडला, की अस्पृश्यांना साचे खात्यात का घेत नाहीत? कारण असे दिले जाई की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि आमच्या तोंडाचा विटाळ. माझे आजोबा सूत खात्यात होते. साच्याला जास्त पगार, पण तिथे त्यांना दार बंद. बाबांच्या पिढीला ते दार उघडले. मी १९८८ ला साचे खात्यातच बदलीवर लागलो, आणि बारा वर्षांत साचेच थांबले. तीन पिढ्यांचा हिशोब एवढाच.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्ध संपल्यावर लाखो माणसे एकदम बेकार होणार हे ओळखून १९४५ ला त्यांच्याच खात्यातून रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली. पुढे घटनेत ४१ वे कलम आले. बेकारी, म्हातारपण आणि आजारपणात लोकांना काम आणि मदत मिळण्याचा हक्क राज्याने द्यावा, असे ते सांगते. पण त्या कलमात एक अट आहे, राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. मी ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मनाला लागली. मंदी आली की सरकारची क्षमताच कमी होते, मग हक्क कधी मिळणार? पावसाळ्यात छत्री मिळणार नाही, म्हणण्यासारखेच हे झाले.

या अडचणीवर उत्तर आपल्याच महाराष्ट्राने शोधले, त्याचा आपल्याला अभिमान पाहिजे. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून एक प्रयोग झाला. मागेल त्याला काम, आणि काम केल्यावर मजुरी. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तीच कल्पना राज्यभर गेली. दुष्काळ ऐन भरात असताना, १९७३ च्या उन्हाळ्यात, सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. आपल्याकडे कोकणात पाऊस पडतो, आपल्याला त्याची झळ कळली नाही. पण आमच्या खात्यात साताऱ्याकडचा एक सोबती होता. त्याची आई त्या वर्षी खडी फोडायला जायची, हा पाच वर्षांचा तिच्याबरोबर, तिथे मुलांना सुकडी मिळायची. तो म्हणायचा, "आमच्या गावात त्या साली उपासाने कोण मेलं नाही, पण आईच्या हाताचे घट्टे मरेपर्यंत गेले नाहीत." १९७७ ला विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ साली देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याचा आधार हाच.

आणि त्याला पैसा कुठून आला? इथे मुंबईकरांनी कान द्यावा. १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो कापायचा, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची, आणि तो पैसा रोजगार हमीसाठी राखायचा. पगाराच्या चिठ्ठीवर "पी. टी." म्हणून जो आकडा असायचा ना, तो हा. बाबांच्या चिठ्ठीवर होता, माझ्याही होता. आम्ही त्या कपातीला शिव्या घालायचो. कशासाठी कापतात हे मला वाचनालयात कळले, आणि त्या दिवसापासून शिव्या बंद केल्या. चांगल्या दिवसांत बाजूला काढून ठेवायचे आणि वाईट दिवसांत कामावर खर्चायचे, म्हणजे "क्षमतेची मर्यादा" ऐन वेळी आडवी येत नाही. मंदीत सरकारने काय करावे याचे अर्धे उत्तर मंदीच्या आधीच द्यावे लागते.

पण बघा, सोलापूर-बीडच्या माणसाला काम मिळावे म्हणून परळच्या साचेवाल्याने कर भरला. साचेवाल्याचीच गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्यासाठी कोणती हमी होती? कायदा ग्रामीण भागाचा. शहरातल्या बेकाराला म्हणायचे, तू गावी जा. गावी आल्यावर इथली पंचायत म्हणायची, तू मुंबईकर. माझी गिरणी २००० साली थांबली. नाव घेत नाही. देणी तुकड्या-तुकड्यांनी मिळाली, शेवटचा तुकडा बाबांच्या आजारात गेला. मग मी भिवंडीला यंत्रमागावर लागलो. आठवड्याची मजुरी रोख हातात, भविष्य निर्वाह निधी नाही, हजेरीचा कागद नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या आणि त्या आठवड्यात शेठकडे द्यायला चालती नोटच नव्हती. जुनी पाचशेची घे नाहीतर पुढच्या महिन्यात ये. आमच्या गल्लीत पंधरा दिवस मागांचा आवाज नव्हता. ज्याने यंत्रमागाची गल्ली पाहिली आहे त्याला कळेल की तिथे शांतता किती भयंकर असते.

२०१९ ला पुन्हा बाजार मंदावला. गाड्या खपेनात, कापडाला मागणी नाही. तेव्हा सरकारने हात मोकळा सोडला, नाही असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडले, असे सरकारनेच सांगितले. त्याच वर्षी रोजगार हमीची अर्थसंकल्पातली तरतूद होती ६० हजार कोटी. कंपन्यांना सवलत मिळाली की त्या कारखाने काढतील आणि कारखान्यात माणसे लागतील, असा त्यामागे विचार. पण मला यंत्रमागावरचा माणूस म्हणून एक शंका आहे. माझ्या शेठकडे मागाची कमी नव्हती, गिऱ्हाइकाची होती. त्याला करात सवलत दिली असती तर त्याने आणखी माग घेतले असते का? कापड घेणाऱ्याच्या खिशात पैसा नाही तोवर कोण माग चालवील? मजुराच्या हातात शंभर रुपये पडले तर संध्याकाळपर्यंत ते वाण्याकडे जातात. मोठ्याच्या हातात पडले तर बँकेत जातात.

मार्च २०२० ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला. मी मे महिन्यात गावी पोचलो. शाळेत चौदा दिवस काढले. लोक लांबून जेवण ठेवून जायचे. बाहेर आलो तर चिरेखाणी बंद, तारकर्लीचे पर्यटन बंद, होड्या किनाऱ्याला. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होते, आणि ते नसते तर आपल्या वाड्यांत काय झाले असते याचा विचार करवत नाही. जे चांगले ते चांगले म्हणावे. पण माझी आई, ऐंशी वर्षांची, पिशवी उतरवून घेताना म्हणाली, "तांदूळ गावले ता बरा झाला. पण ह्या हातांचा काय करूचा?"

तिचे ते वाक्य घेऊन मी घराबाहेर पडलो. सतरा जण जमवले. अकरा बायका, सहा पुरुष. एका पंचायतीत गेलो, तिचे नाव घेत नाही. काम मागायला आलो म्हटल्यावर तिथला माणूस हसला. म्हणाला, कोकणात कोण रोजगार हमीवर जातो? ते घाटावरचे काम. त्याचेही सगळेच खोटे नव्हते. त्या वर्षी मजुरीचा दर २३८ रुपये. एरवी गड्याला बाहेर त्याहून जास्त मिळतात, म्हणून कुणी मागत नसे. पण २०२० च्या जूनमध्ये "बाहेर" असे काही उरलेच नव्हते. आम्ही परत आलो आणि या विहाराच्या ओट्यावर बसून अर्ज लिहिला, दोन प्रती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्याने अर्ज ठेवून घेतला, आणि जा म्हणाला. आम्ही म्हटले, तारीख टाकून पोच द्या. तो म्हणाला, पोच कशाला, माझ्यावर विश्वास नाही? आमच्यातली एक भगिनी, आज ती पुढे बसली आहे म्हणून नाव सांगत नाही, म्हणाली, "विश्वास हा ओ दादा, पण पंधरा दिवस मोजूक तारीख होयी." कारण पंधरा दिवसांत काम नाही दिले तर बेकारभत्ता द्यावा लागतो, आणि ते पंधरा दिवस पोच मिळालेल्या तारखेपासून मोजायचे. पोच नाही तर मागणीच नाही. पोच मिळायला दीड तास लागला. काम तेराव्या दिवशी निघाले.

व्हाळातला गाळ काढायचा आणि दगडी बांध घालायचा. पाऊस लागायच्या आत आठ दिवस झाले, बाकीचे पाऊस ओसरल्यावर. एकूण २३ दिवस. माझ्या खात्यात ५,४७४ रुपये जमा झाले. उशिरा झाले, पण झाले. त्यातले बाराशे त्याच दिवशी दुकानात गेले. आता दुकानावर त्या जुन्या दुकानदाराचा नातू बसतो. त्याने वहीवर रेघ मारली आणि म्हणाला, "काका, या महिन्यात पहिलीच रेघ मारली हो." मला चाळीस वर्षांपूर्वीची मनीऑर्डर आठवली. आणि तो बांध? पूर्वी आपल्या खालच्या वाडीतली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवायची, आता मार्च अखेरपर्यंत चालते. त्या वर्षी देशभर काम मागणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की केंद्राने आधी ठेवलेल्या ६१,५०० कोटींवर आणखी ४० हजार कोटी वाढवून दिले. वाढवून द्यावे लागले, कारण कायदा म्हणत होता मागेल त्याला. त्या एका शब्दामुळे तिजोरी उघडली.

आमचे काही तरुण म्हणतात, आता कशाला हे घमेले-फावडे, २०२४ पासून लाडक्या बहिणींना महिना दीड हजार सुरू झाले. मी त्या पैशाला नावे ठेवणार नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा येतो, तो गावातच खर्च होतो, ही लहान गोष्ट नाही. माझ्या घरात सून आहे, तिला विचारा. पण तो पैसा कोणाला द्यायचा, किती दिवस द्यायचा, कधी यादीतून नाव काढायचे, हे वरचा ठरवतो. कामाची मागणी मी करतो आणि तारीख माझ्या हातात असते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हाही बघितले. ज्याची होडी फुटली त्याचा पंचनामा झाला, ज्याची आंब्याची कलमे पडली त्याचा झाला. बागेत काम करणाऱ्या बाईची दोन महिन्यांची मजुरी गेली, तिचा पंचनामा मी तरी पाहिला नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, होडी नाही, त्याच्यासाठी सरकारच्या कागदावर रकाना फारच थोड्या ठिकाणी आहे. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या, आपल्या जिल्ह्यात काजू-आंबा वाढला, फार चांगले झाले. पण तेही जमीनवाल्याचे. आपल्यातल्या कितीजणांची नावे सातबाऱ्यावर आहेत, हात वर करा म्हटले तर हा मंडप सांगेल.

आता शेवटची आणि आजची गोष्ट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. पेपरात ठळक छापून आले, १०० दिवसांचे १२५ दिवस. ऐकायला गोड आहे. मी खालची बारीक अक्षरे वाचली. आधी मजुरीचा पैसा सगळा केंद्र देत असे. नव्या कायद्यात आपल्यासारख्या राज्याने ४० टक्के द्यायचे आहेत. कोणत्या राज्याला किती, हे केंद्र आधीच ठरवणार, आणि त्यावर खर्च झाला तर तो राज्याने सोसायचा. पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायचीही सोय आहे. त्यांची बाजू अशी की राज्याचा पैसा गुंतला तर राज्य लक्ष घालील, चोरी कमी होईल. चोरी होते, खोटी हजेरी लागते, हे मी नाकारत नाही. पण मंदी आली की राज्याचीही वसुली घटते. राज्याला नोटा छापता येत नाहीत, कर्जालाही मर्यादा आहे. म्हणजे ज्या वर्षी काम मागणारे वाढतील नेमक्या त्याच वर्षी राज्याचा हात आखडलेला असेल, आणि केंद्राचा आकडा आधीच ठरलेला असेल. २०२० ला जे ४० हजार कोटी वाढले, ते पुढच्या खेपेला कुठून वाढतील? महाराष्ट्राने १९७५ ला कर लावून पैसा राखून ठेवला होता. तसा वेगळा पैसा आजही राखा, आणि शहरातल्या बेकारालाही त्यात घ्या, एवढेच आपल्या आमदारांना लिहायचे आहे. मजकूर तयार आहे.

जेवणाची वेळ झाली, आचारी मला मघापासून खुणावतो आहे. म्हणून दोनच सूचना करून थांबतो. जेवण झाल्यावर आमदारांच्या पत्रावर सह्या घ्यायच्या आहेत, ओट्यावर टेबल लावले आहे. आणि ज्यांना या उन्हाळ्यात काम हवे आहे त्यांनी येत्या रविवारी दहा वाजता आधारकार्ड, बँकेचे पासबुक आणि जुने जॉबकार्ड असेल तर ते घेऊन विहारात यावे. अर्ज मी लिहून देईन. सोमवारी सगळे मिळून पंचायतीत जाऊ, आणि पोच घेतल्याशिवाय परत यायचे नाही.

जयभीम.